रॉकर्स : फुटलेली जोड आणि काचेपलीकडे पडलेला मार्टी जेनेटी

तांबडी माती (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

गेल्या रविवारी माझा भाचा आणि त्याचे मित्र आमच्या घरी कुस्तीचा अमेरिकन कार्यक्रम पाहत बसले होते. पडद्यावर एक नवी दुक्कल आली, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने सहज विचारले, "यातला जेनेटी कोण?" सगळ्यांना अर्थ कळला. दोघांपैकी कालांतराने मागे पडणारा, विसरला जाणारा कोण, असा तो प्रश्न होता. जगभरचे चाहते हा शब्द असाच वापरतात, हे मला माहीत आहे. तरीही माझ्या घरात, कोल्हापूरच्या गंगावेस तालमीपासून हाकेच्या अंतरावर, एका पैलवानाचे नाव अपयशाला पर्याय म्हणून उच्चारले गेले आणि मला ते लागले. म्हणून हा धागा काढत आहे.

मार्टी जेनेटी आणि शॉन मायकल्स यांची 'रॉकर्स' ही जोडी कशी चढली आणि कशी फुटली, हे मला सविस्तर मांडायचे आहे. आणि त्या फुटण्यात जेनेटीच्या वाट्याला जी नामुष्की आली ती अन्यायाची आहे, हे माझे म्हणणे आहे.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जोड्यांच्या कुस्तीत प्रत्येक बाजूचा एकच गडी रिंगमध्ये असतो. दुसरा दोराबाहेर कोपऱ्यात उभा राहतो आणि जोडीदाराच्या हाताला हात लागल्याशिवाय आत येऊ शकत नाही. सगळा खेळ या हात लागण्यावर उभा असतो. एकाला प्रतिस्पर्धी आपल्या कोपऱ्यात कोंडून दहा-दहा मिनिटे बदडतात, तो सरपटत आपल्या साथीदाराकडे येतो, बोटभर अंतर उरते आणि पुन्हा त्याचा पाय धरून मागे ओढला जातो. अखेर हात लागतो, ताज्या दमाचा गडी आत झेपावतो आणि प्रेक्षागृह उसळते. यात मार खाणाऱ्याचे काम अधिक अवघड असते, कारण लोकांचा जीव टांगणीला लावायचा तो त्यानेच. रॉकर्समध्ये हे काम दोघेही आलटून पालटून करत असत, आणि दोघांनाही ते उत्तम जमत असे.

मायकल्स टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे वाढला आणि होजे लोथारिओ या जुन्या मल्लाच्या हाताखाली शिकला. जेनेटी जॉर्जिया राज्यातील कोलंबसचा. दोघांची गाठ कॅन्सस सिटीकडच्या एका लहान कंपनीत पडली आणि १९८६ मध्ये ते 'मिडनाइट रॉकर्स' या नावाने एडब्ल्यूए या कुस्ती कंपनीत दाखल झाले. तिथे बडी रोझ आणि डग सॉमर्स या दोन वयाने मोठ्या, मुरलेल्या मल्लांशी त्यांचे जे वैर रंगले, त्यातील लास व्हेगासची एक लढत इतकी रक्तबंबाळ झाली की तिची आठवण आजही निघते. २७ जानेवारी १९८७ रोजी त्याच दोघांना हरवून त्यांनी एडब्ल्यूएचा जोडीचा किताब घेतला. त्याच वर्षी डिसेंबरात तो त्यांनी दुसऱ्यांदा मिळवला. या दोन किताबांच्या मध्ये ते डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीत) जाऊन काही दिवसांतच बाहेरही पडले होते, कारण एका बारमधला गोंधळ त्यांना भोवला. १९८८ च्या मार्चमध्ये पॉल डायमंड आणि पॅट टनाका यांच्या 'बॅड कंपनी'ने त्यांचा दुसरा किताब काढून घेतला आणि त्याच वर्षी डब्ल्यूडब्ल्यूएफने दोघांना पुन्हा बोलावले.

आता गंमत पाहा. १९ जानेवारी १९९१ रोजी मायामीत झालेल्या रॉयल रंबल या कंपनीच्या मोठ्या वार्षिक कार्यक्रमाच्या पहिल्याच लढतीत रॉकर्ससमोर 'ओरिएंट एक्सप्रेस' उभी होती. तिच्यातील एक टनाका, आणि मुखवटा घालून 'काटो' झालेला दुसरा म्हणजे तोच पॉल डायमंड. चौघांनी एकमेकांना आधीच नखशिखांत ओळखले होते, म्हणून त्या लढतीत कोणी कोणाची वाट पाहत थांबत नाही. दोन्ही रॉकर्स एकाच क्षणी उडी घेतात, एकाच क्षणी पाय सोडतात, एकाच क्षणी उताणे पडून हात न टेकता ताडकन उभे राहतात. आपल्या तालमीत एका आवाजात दोनशे बैठका मारणारी पोरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्यामागची मेहनत वेगळी सांगावी लागणार नाही.

बाकीचे पुढच्या प्रतिसादात लिहितो. आपापली मते कळवावीत.

खासबागची पायरी

तांबडी माती यांस, आपले लेखन आवडले, परंतु माझा मूळ आक्षेप नोंदवतो.

मी वडिलांच्या खांद्यावर बसून खासबाग मैदानात कुस्त्या पाहिलेला माणूस आहे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये उभारलेल्या त्या मैदानात कोणत्याही पायरीवर बसले तरी हौद्यातील पैलवानाचा पंजा कुठे अडकला आहे तेवढे दिसते, कारण मैदानाची उतरणच तशी केली आहे. तिथे लबाडी लपत नाही. ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे 'नुरा कुस्ती' म्हणतात, आणि हा शब्द कोणाच्या नावाला चिकटला तर त्या पैलवानाला गावोगावच्या जत्रांची मैदाने बंद होत असत. ज्या खेळाचा निकाल आधी कागदावर लिहिलेला असतो, त्यातील कोण पुढे गेला आणि कोण मागे राहिला याचे दुःख आपण का करावे? आणखी एक गोष्ट म्हणजे कुस्ती ही एकट्याचीच. श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले ते एकटे लढून. कोपऱ्यात दोर धरून उभा राहणारा साथीदार आपल्या मातीत नाहीच.

तांबडी माती

काका, आपला आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून मला पुढे जायचे नाही.

निकाल ठरलेला असतो हे खरे. आपल्या नुरा कुस्तीत मात्र प्रेक्षकाला फसवलेले असते, कारण तो निकाली कुस्तीचे तिकीट काढून आलेला असतो. तिकडचा प्रेक्षक ठरीव गोष्ट पाहायला येतो आणि ती कशी वठते यावर दाद देतो. तिथे पडणे ठरलेले असले तरी पडल्यावर फळीवर आदळणारी पाठ खरीच असते.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल मात्र मी नम्रपणे असहमत आहे. आपल्या भाषेत 'जोड' या शब्दाला दोन अर्थ आहेत. मैदानात जोड लावतात ती प्रतिस्पर्ध्याशी, आणि तालमीत रोज पहाटे ज्याच्याशी लढत करायची तोही आपला जोडच. खंचनाळे हौद्यात एकटे उतरले, पण त्याआधी पहाटेच्या अंधारात किती जणांनी त्यांच्या अंगाखाली माती खाल्ली असेल? त्या माणसांची नावे कोणत्याही फलकावर नसतात. जेनेटीकडे मी त्या नजरेने पाहतो.

राजारामपुरीची वाचक

मी या चर्चेत थोड्या वेगळ्या बाजूने येत आहे.

आमच्या पिढीने, म्हणजे नव्वदच्या दशकात शाळेत असलेल्यांनी, रॉकर्सना जोडी म्हणून पाहिलेच नव्हते. केबल घरात आली तेव्हा शॉन मायकल्स एकटाच होता: आरसे लावलेले कपडे, गर्विष्ठ चाल, सोबत त्याची व्यवस्थापक शेरी मार्टेल. माझ्या भावाच्या ट्रम्प कार्डांच्या गठ्ठ्यावर आम्ही दुपारच्या दुपार घालवल्या, उंची आणि वजन यांवरून भांडलो, पण मार्टी जेनेटी हे नाव आमच्या तोंडी कधी आले नाही. जोडी फुटल्याचे आम्हाला पुढे कळले, तेही व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या एका घासलेल्या कॅसेटवर.

तो प्रसंग मी नंतर अनेकदा पाहिला आहे, म्हणून लिहिते. ब्रूटस बीफकेक या मल्लाचा 'बार्बर शॉप' नावाचा मुलाखतीचा कार्यक्रम होता. रंगमंचावर न्हाव्याच्या दुकानाचा देखावा, मागे मोठी काचेची खिडकी. डिसेंबर १९९१ मध्ये चित्रित झालेला हा भाग जानेवारी १९९२ मध्ये दाखवला गेला. त्याआधी काही आठवडे दोघांत धुसफूस सुरू होती. नोव्हेंबरच्या सर्व्हायव्हर सिरीज या मोठ्या कार्यक्रमात जेनेटीने प्रतिस्पर्ध्याला उचलून फिरवताना त्याचे पाय मायकल्सला लागले होते आणि मायकल्स बाद झाला होता. त्या दुकानात दोघे एकमेकांना सुनावतात, मग समेट होतो, मिठी मारतात. लोक टाळ्या वाजवतात. मिठी सुटते आणि मायकल्सची लाथ जेनेटीच्या हनुवटीवर बसते. मग तो त्याला उचलून खिडकीकडे फेकतो आणि काच फोडून जेनेटी पलीकडे जातो. कपाळावरून रक्त वाहत असते. मायकल्स शांतपणे रॉकर्सचे छायाचित्र असलेले मासिक घेतो आणि फाडून टाकतो. समालोचक बॉबी हीनन त्याच क्षणी सांगू लागतो की जेनेटी भित्रा होता, पळून जाण्यासाठी त्याने स्वतःच खिडकीतून उडी घेतली. प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट इतक्या निर्लज्जपणे नाकारली गेल्यामुळे त्या लाथेची चीड दुप्पट झाली.

इथवर मी तांबडी माती यांच्याशी सहमत आहे. परंतु पुढच्या अन्यायाचा सगळा दोष कंपनीवर आणि चाहत्यांवर टाकता येणार नाही. जोडी फोडली ती दोघांचे वैर रंगवण्यासाठी. त्या वैराचे मोठे मैदान एप्रिल १९९२ च्या रेसलमेनियात, कंपनीच्या सर्वांत मोठ्या वार्षिक कार्यक्रमात, व्हायला हवे होते. तेव्हा जेनेटी कंपनीत नव्हता. मायकल्स टिटो सँटानाशी लढला आणि जिंकला. ऑक्टोबरात जेनेटी परतला, आरसा उचलून मायकल्सवर धावून गेला, मायकल्सने शेरीला पुढे ओढले आणि आरसा तिच्यावर फुटला. केवढे जबरदस्त कथानक होते! २४ जानेवारी १९९३ च्या रॉयल रंबलमध्ये दोघांची लढत झाली, जेनेटी हरला, आणि पुन्हा कंपनीबाहेर गेला. दोन वेळा दार उघडले आणि दोन्ही वेळा तो उंबऱ्यावरून मागे फिरला. गुणांच्या बाबतीत तो कमी नव्हता, हे मान्य. पण रोज पहाटे वेळेवर हजर राहणे हाही पैलवानकीचा गुणच आहे, हे तालमीच्या गावात राहणाऱ्या आपणा सर्वांना ठाऊक आहे.

शाहूपुरीतील जुना गडी

ताईंचे शेवटचे वाक्य वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही.

मी तरुणपणी सात वर्षे तालमीत राहिलो. तालमीचे नाव लिहीत नाही. माझा एक जोड होता. आम्ही दोघे एकाच वजनाचे, एकाच खोलीत पथारी टाकणारे. खुराकाचे बदाम एकाच पाट्यावर वाटायचो आणि आठवड्याला माती उकरून तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद घालायचे काम आमच्या दोघांकडे असायचे. त्याचा पट काढणे, म्हणजे पाय धरून पाडणे, वाऱ्यासारखे होते, माझी ढाक, म्हणजे कमरेवरून फेकण्याचा डाव, चांगली होती. त्याच्या पटाला उत्तर शोधता शोधता माझी कंबर तयार झाली, आणि माझ्या ढाकेतून सुटता सुटता त्याची मान. एके वर्षी निवड चाचणीला एकालाच पाठवायचे ठरले. त्याला पाठवले. कारण मला कोणी सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या रात्री त्याने पथारी दुसऱ्या भिंतीला टाकली. भांडण झाले नव्हते. फक्त त्याला माझ्याकडे पाहवेना.

ताई, त्यानंतर मी पहाटे वेळेवर उठत नसे. लोकांनी मला आळशी म्हटले आणि ते खरेच होते. पण आळस आधी आला की पथारी आधी हलली, हेही कोणीतरी विचारायला हवे होते. जेनेटीचे आयुष्य मला ठाऊक नाही आणि त्याच्या चुकांवर मी पांघरूण घालत नाही. मात्र जोड गेल्यावर माणसाचा पाय मातीत ठरत नाही, एवढे मी स्वानुभवाने सांगतो.

राजारामपुरीची वाचक

काका, आपण लिहिलेत म्हणून बरे झाले. माझे म्हणणे मी मागे घेत नाही, पण ते लिहिताना मी फक्त तारखा पाहिल्या, हे कबूल करते.

खासबागची पायरी

शाहूपुरीतील जुना गडी यांचा अनुभव वाचला. तालमीत जोड फुटल्याची अशी उदाहरणे मीही पाहिली आहेत आणि त्यांवर कोणी बोलत नाही. माझा एक प्रश्न आहे. रॉकर्स एवढे गुणी होते, तर डब्ल्यूडब्ल्यूएफचा जोडीचा किताब त्यांना कधी मिळाला का?

तांबडी माती

काका, याच प्रश्नाच्या उत्तरात त्या जोडीचे सगळे दुर्दैव आहे.

३० ऑक्टोबर १९९० रोजी इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे रॉकर्सनी 'हार्ट फाउंडेशन'ला, म्हणजे ब्रेट हार्ट आणि जिम नाइडहार्ट यांना, तीन डावांच्या लढतीत हरवले आणि किताब जिंकला. नाइडहार्ट कंपनी सोडणार, असे तेव्हा ठरत होते. ही लढत चित्रित झाली होती आणि नंतर दूरचित्रवाणीवर दाखवली जाणार होती. पण लढत सुरू असताना रिंगचा वरचा दोर तुटला. ज्यांची निम्मी कुस्ती वरच्या दोरावरून घेतलेल्या झेपांवर उभी, त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या लढतीत तोच दोर गेला. त्यातच नाइडहार्टचे कंपनीशी पुन्हा जुळले. मग लढत दाखवलीच गेली नाही, किताब हार्ट फाउंडेशनकडेच राहिला असे धरले गेले, आणि मधल्या काही दिवसांत रॉकर्सनी किताबाचे पट्टे घेऊन केलेल्या लढतीही नोंदीत आल्या नाहीत. जिंकलेल्या माणसाला 'तू जिंकलाच नव्हतास' असे सांगितले गेले. निकाल कोणीतरी लिहिणारा असतो या तुमच्या आक्षेपाचे सर्वांत बोचरे उदाहरण हेच आहे. इथे तर लिहिलेला निकालही पुसला गेला.

पुढे दोघांनाही तो किताब मिळाला, पण वेगवेगळा. जेनेटीला १० जानेवारी १९९४ रोजी '१-२-३ किड' या मल्लाच्या साथीने, अवघ्या सात दिवसांसाठी. मायकल्सला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डीझेल या मल्लाच्या साथीने. ज्या किताबासाठी हे दोघे इतकी वर्षे एकत्र घाम गाळत होते, तो त्यांच्या हातात आला तेव्हा शेजारी भलताच माणूस उभा होता.

राजारामपुरीच्या ताईंनी १९९३ च्या जानेवारीपाशी गोष्ट थांबवली, ती मी थोडी पुढे नेतो. त्याच वर्षी १७ मे रोजी मायकल्स कंपनीच्या 'रॉ' या साप्ताहिक कार्यक्रमात आव्हान देत होता, आणि जेनेटी अचानक समोर आला. त्याच रात्री मिस्टर परफेक्ट या मल्लाने आणलेल्या व्यत्ययाचा फायदा घेऊन त्याने मायकल्सला चीत केले आणि इंटरकॉन्टिनेंटल हा सर्वोच्च किताबाखालोखालचा एकेरी किताब घेतला. फेकला गेलेला माणूस परत येऊन फेकणाऱ्याला हरवतो, हे घडले आहे. ६ जूनला तो किताब मायकल्सने परत घेतला, कारण आता त्याच्या बाजूला धिप्पाड डीझेल आला होता. मायकल्स पुढे कुठे पोहोचला ते सर्वांना माहीत आहे. मार्च १९९६ च्या रेसलमेनियात ब्रेट हार्टशी साठ मिनिटे लढून एकही डाव निकाली निघाला नाही, वाढीव वेळेत मायकल्स जिंकला आणि कंपनीचा सर्वोच्च किताब त्याच्या कमरेला आला. निर्णायक घाव तोच होता, बार्बर शॉपमधली लाथ. मोठ्या मैदानांवर ती लाथ गाजली, पण पहिल्यांदा ती खाऊन तिला किंमत मिळवून दिली ती जेनेटीने.

मायकल्सचे मोठेपण मी कमी करू इच्छित नाही. तो असामान्य होता आणि एकटा पाठवला असता तरी चमकला असता. माझे म्हणणे एवढेच की त्याला एकटे पाठवण्यासाठी कोणालातरी काचेतून जावे लागले, आणि ते काम ज्याने चोख केले त्याचे नाव आज पोरे थट्टेसाठी वापरतात.

शाहूपुरीतील जुना गडी

ते दोघे पुन्हा कधी एकत्र लढले का?

तांबडी माती

हो. १४ मार्च २००५ रोजी रॉमध्ये रॉकर्स एका रात्रीसाठी परत आले आणि 'ला रेझिस्टन्स' या जोडीला हरवून गेले. तेव्हा मायकल्सचे कर्ट अँगलशी वैर सुरू होते, त्यामुळे त्याच आठवड्यात जेनेटीला स्मॅकडाउन या कंपनीच्या दुसऱ्या साप्ताहिक कार्यक्रमात अँगलसमोर उभे केले गेले. ऑलिंपिक सुवर्णपदक घेतलेला मल्ल आणि कारकिर्दीच्या उताराला लागलेला जेनेटी! तो हरला, पण ज्या तडफेने लढला ते पाहून बरेच जण चकित झाले. ती लढत आपण अवश्य पाहावी.

तांबडी माती

दोन दिवसांनी पुन्हा लिहीत आहे.

काल संध्याकाळी मी माझ्या वस्तादांकडे गेलो होतो. वय झाले आहे, गुडघे साथ देत नाहीत, तरी दारातील बाकावर ताठ बसतात. मी मोबाइलवर बार्बर शॉपचा तो प्रसंग त्यांना दाखवला. आवाज बंद ठेवला, कारण इंग्रजी त्यांना समजत नाही. लाथ बसली, काच फुटली, आणि मी सवयीने मायकल्सच्या चेहऱ्याकडे बोट दाखवले. वस्तादांनी माझे बोट बाजूला सारले. "याला नको, पडणाऱ्याला दाखव," म्हणाले. मी मागे नेऊन पुन्हा लावले. मोबाइल डोळ्यांजवळ धरून ते पाहत राहिले आणि म्हणाले, "अंग कसं सैल सोडलंय बघ पोरानं. आखडला असता तर मान गेली असती. शिकवलेला आहे."

मग त्यांनी विचारले, तो पुन्हा उठला का. मी त्यांना १७ मेची गोष्ट सांगितली. किताब किती दिवस ठेवला, असे त्यांनी विचारले. वीस दिवस, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि मोबाइल माझ्या हातात परत देत म्हणाले, "ती लाव."